भाडेवाढीचे तंटे गल्लीत मिटावेत, पण कागदावर

माननीय संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

एप्रिल सरत आला की बेळगावात भाड्याच्या घरांची उलथापालथ सुरू होते. शाळा-कॉलेजांचे वर्ष संपलेले असते, अकरा महिन्यांचे बाँड, म्हणजे भाड्याचे करार, संपत आलेले असतात, चंदगड, आजरा, गडहिंग्लजकडचे पालक मुलांसाठी खोल्या शोधत टिळकवाडी, अनगोळ, गणेशपूर असे हिंडू लागतात आणि नेमक्या याच दिवसांत घरमालक जुन्या भाडेकरूला नवा आकडा ऐकवतो. आकडा पटला तर विषय मिटतो. पटला नाही, तर पुढचे दोन-तीन महिने दोन्ही घरांत जे चालते ते आपल्या सीमाभागातील प्रत्येक गल्लीला ठाऊक आहे. बोलणे बंद होते, पाण्याच्या मोटरीची वेळ बदलते, जिन्यातला दिवा विझतो आणि शेवटी कोणीतरी वकिलाची नोटीस आणतो. या तंट्यांचा निकाल नोटिशीच्या आधी, गल्लीच्या किंवा वॉर्डाच्या पातळीवर, मध्यस्थीने लावण्याची नीट व्यवस्था झाली पाहिजे, एवढ्याच मुद्द्यावर हे पत्र लिहीत आहे.

भाडे किती वाढवावे याला कायद्याने काहीतरी मर्यादा घातलीच असेल, अशी पुष्कळ भाडेकरूंची समजूत आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. कर्नाटक भाडे कायदा, १९९९ हा ३१ डिसेंबर २००१ पासून अमलात आला. परंतु त्याच्या दुसऱ्या कलमातच इतकी सूट दिलेली आहे की आजची बहुतेक घरे त्याच्या बाहेर पडतात. शहराच्या वर्गवारीप्रमाणे दरमहा ३,५०० किंवा २,००० रुपयांहून अधिक भाड्याच्या जागेला तो लागू होत नाही, नव्या बांधकामाला पंधरा वर्षांची मोकळीक आहे, आणि व्यापारी जागा १४ चौरस मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दीडशे चौरस फुटांपेक्षा मोठी असली तर तीही वगळलेली आहे. कायदा आला त्या काळी या रकमा मोठ्या वाटल्या असतील. आज वडगावात किंवा खासबागेत दोन खोल्या आणि मोरी असलेले घरसुद्धा त्या रकमेत मिळणे कठीण आहे. निपाणी-खानापुरातील बाजारपेठेच्या रस्त्यावरच्या गाळ्याची तर गोष्टच सोडा.

या कायद्याबाहेर पडलेल्या जागांसाठी मग १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा उरतो. महिन्याच्या भाड्यावर राहणाऱ्याला त्याच्या कलम १०६ प्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिली की पुरते. करार चालू असताना घरमालकाला परस्पर भाडे वाढवता येत नाही हे खरे. पण करार संपल्यावर वाढ मान्य कर नाहीतर घर सोड असे म्हणण्याचा अधिकार त्याला राहतो. पुढे दावा झालाच, तर कोर्ट पाहते ते नोटीस नीट बजावली का आणि मुदत संपली का. मागितलेली वाढ वाजवी होती का, हे तेथे कोणी विचारत नाही, कारण ते विचारण्याचे काम कायद्याने अशा दाव्यात कोर्टावर सोपवलेलेच नाही. ज्या एका आकड्यावरून भांडण पेटले त्या आकड्याची चर्चा होईल अशी जागा या वाटेवर कोठेच नाही. मध्यस्थीची गरज मला भासते ती मुख्यतः यामुळे. कोर्टावरचा भार कमी होईल वगैरे जे नेहमी सांगितले जाते ते दुय्यम आहे.

सीमाभागात यात आणखी एक गोंधळ भर घालतो. आपण मराठी वर्तमानपत्रे वाचतो, मोबाइलवर पुण्या-मुंबईच्या वकिलांची मार्गदर्शने ऐकतो आणि तेथला कायदा येथे लागू आहे असे धरून चालतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारी घरमालकावर आहे, आणि तसा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. हे वाचून सीमेवरच्या शिनोळीच्या अलीकडे, म्हणजे कर्नाटकात, राहणारा भाडेकरूही घरमालकाला कलमे ऐकवू लागतो. घरमालकही 'लिव्ह अँड लायसन्स'चा तिकडचा छापील नमुना उतरवून घेतो, त्याला कर्नाटकाचा स्टँप जोडतो आणि नोटरी करून मोकळा होतो. तंटा उभा राहिला की दोघांच्याही हातातला कागद परगावचा निघतो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये आणलेल्या नमुना भाडेकरू कायद्याबद्दलही तसेच. भाडे वाढवायचे तर तीन महिने आधी लेखी सूचना द्यावी, राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेऊ नये, अशा चांगल्या तरतुदी त्यात आहेत. पण तो नमुना आहे, राज्याने आपला कायदा करून त्या स्वीकारल्याखेरीज बेळगावच्या घरमालकाला त्या बांधत नाहीत.

भाडेकरूची बाजू मांडताना घरमालकाला सावकाराच्या रंगात रंगवण्याची सवय आपल्याला आहे. ती येथे उपयोगाची नाही. आपल्याकडचा घरमालक म्हणजे बहुधा फौजेतून निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशांतून वरचा मजला चढवलेला सुभेदार, मुले पुण्याला गेल्यामुळे माडीवर एकटीच उरलेली विधवा, किंवा माग विकून त्या खोल्या भाड्याने दिलेला विणकर. घरपट्टी वाढते, उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरचे पैसे मोजावे लागतात, पावसाळ्यात कौले गळतात, आणि भाडेकरूने मुदतीनंतरही जागा सोडली नाही तर दाव्याच्या तारखा पुढे सरकत असताना जुनेच भाडे घेत बसावे लागते. सहा-सात वर्षे एक पैसा न वाढवता अचानक दीडपट मागणारा घरमालक चुकतो, पण तो लोभीच असतो असे नाही. पुष्कळदा मधल्या वर्षांत भिडेपोटी बोललेला नसतो, इतकेच.

आमच्या शहापूर भागातील एका गल्लीत गेल्या वर्षी असाच एक तंटा पंच कमिटीपुढे, म्हणजे गल्लीतले तंटे ऐकणाऱ्या मंडळींपुढे, आला. मीही त्या बैठकीला होतो. भाडेकरू यंत्रमागावर काम करणारा. पुढच्या खोलीत दोन माग, मागे कुटुंब. घरमालकीण सत्तरीच्या पुढच्या, वर राहणाऱ्या. भाडे ३,८०० रुपये होते, ते ६,००० करावे असा निरोप आला होता, आणि तो आला होता पुण्यात राहणाऱ्या पुतण्याकडून, व्हॉट्सॲपवर, एका ओळीत. बैठक देवळाच्या सभामंडपात झाली. पहिला अर्धा तास आकड्याचे नावही निघाले नाही. भाडेकरूचे म्हणणे एकच होते, की काकू रोज जिन्यात भेटतात, त्यांनी स्वतः का सांगितले नाही. काकूंचे म्हणणे असे, की रात्री उशिरापर्यंत मागांच्या धडधडीने झोप लागत नाही, भिंतीला चीर गेली आहे, आणि हे सांगायला गेल्या वर्षी त्या खाली आल्या तेव्हा त्यांना दारातच उत्तर मिळाले.

मग एका पंचाने दोघांनाही घरून कागद आणायला सांगितले. काकूंनी घरपट्टीची पावती आणि भाड्याची वही आणली. वही लांबट, लाल कापडी पाठीची, पतसंस्थेच्या कॅलेंडरचे कव्हर घातलेली. दर महिन्याला तारीख, रक्कम आणि भाडेकरूची सही. २०२० सालच्या पानावर तीन महिने भाड्याची रक्कम निम्मी होती आणि समोर 'लॉकडाऊन, राहू दे' असे काकूंच्या अक्षरात लिहिलेले होते. भाडेकरूने ते पान बराच वेळ पाहिले. त्यानेही एक पिशवी आणली होती. तीत कौले, रिपा आणि सुतारकामाच्या मजुरीच्या मिळून ६,६०० रुपयांच्या पावत्या होत्या; आदल्या पावसाळ्यात मागांवर पाणी गळू लागल्यावर त्याने आपल्या खर्चाने छप्पर नीट करून घेतले होते आणि ते कोणाला सांगितले नव्हते.

शेवटी ठरले ते असे. भाडे ४,६०० रुपये. छपराचे ६,६०० रुपये अकरा महिन्यांत दरमहा ६०० प्रमाणे वळते, म्हणजे काकूंच्या हाती पहिल्या मुदतीत ४,००० रुपये. करार पुढे चालू राहिला तर प्रत्येक नूतनीकरणाला पाच टक्के वाढ. माग रात्री नऊनंतर बंद. चिरेची दुरुस्ती घरमालकिणीकडे. येथे एका सदस्याने तीन वर्षांचा करार एकदमच लिहून टाकू असे सुचवले होते. ते आम्ही टाळले, कारण एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत असावा लागतो आणि बिननोंदणीच्या कागदावर तीन वर्षांची मुदत लिहिली तर तो कागदच अडचणीत येतो. म्हणून मुदत अकरा महिन्यांची आणि वाढीचा दर नूतनीकरणासाठी, असे लिहिले. दोन्ही पक्षांनी सह्या केल्या. आजही वर काकू आहेत आणि खाली माग चालू आहेत.

एका तंट्यावरून सिद्धांत काढू नये हे मलाही कळते. पंच कमिट्यांचे गुण सांगताना त्यांचे दोषही सांगितले पाहिजेत, आणि ते बारीकसारीक नाहीत. कमिटीवर बसणारे बहुतेक जण स्वतः घरमालक असतात. बायका जवळजवळ नसतातच, आणि भाड्याचा हिशेब मात्र पुष्कळ घरांत बायकाच ठेवतात. जो गल्लीचा नाही, म्हणजे उद्यमबागेतल्या फौंड्रीत काम करणारा बाहेरच्या राज्यातला मजूर, विद्यापीठात शिकायला आलेली मुलगी, दुसऱ्या भाषेचे किंवा दुसऱ्या धर्माचे कुटुंब, त्याला देवळाच्या सभामंडपात बोलावले तर तो न्यायाच्या अपेक्षेने येईल की धास्तीने, याचा विचार करावा. काही ठिकाणी पंचांची भाषा विनंतीची न राहता हुकमाची होते; 'ऐकले नाही तर गल्लीत राहणे अवघड होईल' अशा सूचक वाक्यांना मध्यस्थी म्हणता येत नाही. त्यातच वर्गणीचा विषय मिसळला, तर त्या कमिटीने भाड्याच्या तंट्यात पडूच नये.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, भाडेवाढीच्या तंट्यांसाठी पंच कमिटीपेक्षा वेगळे, तीन जणांचे मंडळ वॉर्डागणिक असावे: एक नाव घरमालकाने सुचवलेले, एक भाडेकरूने, आणि तिसरी व्यक्ती दोघांना मान्य असलेली, शक्यतो निवृत्त शिक्षिका, बँक कर्मचारी किंवा कोर्टातील निवृत्त कारकून अशी हिशेब आणि कागद समजणारी. बैठक शाळेच्या वर्गात किंवा वाचनालयात व्हावी. मंडळाने निकाल देऊ नये. दोघांना एका आकड्यापर्यंत आणणे आणि तो लिहून देणे एवढेच त्याचे काम असावे, आणि कोणालाही कोणत्याही टप्प्यावर उठून जाण्याची मुभा असावी. ही कल्पना मी हवेतून काढलेली नाही. मध्यस्थी कायदा, २०२३ मध्ये सामुदायिक मध्यस्थीचे स्वतंत्र प्रकरण आहे. परिसरातील शांतता आणि सलोखा बिघडवू शकणारा तंटा दोन्ही पक्षांच्या पूर्वसंमतीने तीन मध्यस्थांच्या मंडळापुढे नेता येईल आणि मंडळ निवडताना महिलांच्या प्रतिनिधित्वाचाही विचार करता येईल, असे त्यात म्हटले आहे. या कायद्याची सगळी कलमे एकाच वेळी अमलात आणलेली नाहीत. तरी आराखडा हाताशी आहे, आणि संमतीने एकत्र बसून बोलण्यासाठी कोणत्याही कलमाची वाट पाहावी लागत नाही.

मात्र त्याच कायद्यात एक उणीव आहे ती नजरेआड करू नये. सामुदायिक मध्यस्थीतून झालेली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी अमलात आणता येत नाही. चांगल्या शेजाऱ्यांना त्याने फरक पडत नाही, पण मोठी अनामत गुंतलेली असेल तर पडतो. आपल्याकडे 'लीज' म्हणून जी पद्धत आहे, जिच्यात दरमहा भाडे न घेता काही लाख रुपये आगाऊ घेतले जातात आणि घर सोडताना परत करायचे असतात, तिच्यात तर भाडेवाढीची जागा 'आणखी एक लाख द्या' ही मागणी घेते, आणि भाडेकरूची आयुष्यभराची पुंजी दुसऱ्याच्या खात्यात असते. असे तंटे गल्लीत मिटले तरी गल्लीच्या कागदावर सोडू नयेत. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे दावा दाखल होण्यापूर्वीचा तंटाही लोकअदालतीत नेता येतो. तेथे तडजोडीने झालेला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बेळगावात आहे, तालुक्यांना समित्या आहेत. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्प उत्पन्न गटातील लोकांना तेथे वकिलाची मदतही मोफत मिळते. गल्लीत आकडा ठरवावा आणि गरज असेल तेव्हा लोकअदालतीत त्यावर शिक्का घ्यावा, अशी सांगड घातली तर ती दोघांच्याही सोयीची आहे.

आकडा कसा ठरवावा याचे नियम कोणी छापून देणार नाही, आणि देऊही नयेत. पण मंडळापुढे काय यावे हे ठरवता येते. त्याच गल्लीत, तशाच घराला, गेल्या वर्षभरात झालेल्या दोन-तीन करारांचे आकडे. घरपट्टीच्या चालू आणि मागील पावत्या. शेवटची वाढ केव्हा झाली. दुरुस्ती कोणी केली. पाण्याचा खर्च कसा वाटला जातो. विजेचा विषय तर वेगळाच घ्यावा. राज्य सरकारची गृहज्योती योजना आल्यापासून २०० युनिटांपर्यंतची वीजबिलाची सवलत मीटरवर अवलंबून आहे आणि ती भाडेकरूलाही मिळू शकते. परंतु एकाच मीटरवर तीन बिऱ्हाडे असली की सवलत हातची जाते, आणि हेस्कॉम या वीज कंपनीच्या बिलाचे जे वाटे पडतात त्यावरून भाड्यापेक्षाही कडू भांडणे होतात. स्वतंत्र मीटर घेण्याचा खर्च कोणी करायचा हे भाडेवाढीच्या वाटाघाटीतच ठरले, तर पुष्कळदा वाढीचा आकडा आपोआप खाली येतो, कारण भाडेकरूचे वाचलेले बिल दोघांनाही दिसते.

भाषेबद्दलही लिहिले पाहिजे. आपल्याकडचे बहुतेक बाँड कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत टंकलेले असतात, त्यावर सही करणारे दोघेही मराठीत बोलणारे असतात, आणि वाढीची अट कोणत्या परिच्छेदात आहे हे दोघांनाही तंटा झाल्यावर तिसऱ्याकडून कळते. उलट, घरमालक मराठी आणि भाडेकरू कन्नड असेल, तर बोलणे मराठीत होते आणि कागद भाडेकरूच्या पाठीमागे तयार होतो. मध्यस्थीचा कागद दोन्ही पक्षांना वाचता येईल अशा भाषेत, गरज असल्यास दोन भाषांत समोरासमोर लिहावा. विधी सेवा प्राधिकरणाकडे मराठीतून अर्ज देण्यासही कोणी संकोच करू नये. राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद ३५० ने दिलेला आहे. सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात आहे, तो तेथे चालेल. काकूंच्या माडीखालच्या भाड्याचा प्रश्न तोवर थांबणार नाही.

काही प्रकरणे मात्र मध्यस्थीकडे आणूच नयेत. सामान बाहेर फेकले, कुलूप घातले, वीज-पाणी तोडले, एकट्या बाईला किंवा विद्यार्थिनीला धमकावले, असे घडले असेल तर पोलीस ठाणे आणि कोर्ट हाच मार्ग आहे. तेथे 'आपसात मिटवून घ्या' म्हणणारा मध्यस्थ नकळत दांडगाईच्या बाजूने उभा राहतो.

महानगरपालिका, निपाणी व खानापूरच्या नगर संस्था आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांना या पत्राद्वारे विनंती आहे की, येत्या शैक्षणिक वर्षापूर्वी निदान दोन-तीन वॉर्डांत अशी मंडळे प्रयोग म्हणून सुरू करावीत; प्राधिकरणाच्या विधी स्वयंसेवकांपैकी मराठी आणि कन्नड दोन्ही जाणणाऱ्या एकेकाला प्रत्येक मंडळाला जोडून द्यावे; आणि अकरा महिन्यांच्या करारासाठी दोन्ही भाषांतला एक साधा नमुना तयार करून वॉर्ड कार्यालयात ठेवावा, ज्यात वाढीचा दर, दुरुस्तीची जबाबदारी, मीटर, अनामत परत करण्याची मुदत आणि तंटा झाल्यास आधी मध्यस्थी करण्याची अट यांसाठी मोकळ्या जागा सोडलेल्या असतील. गल्लीच्या पंच कमिट्यांनीही आपल्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि आपल्या भागातून अशा मंडळासाठी कोणाची नावे देता येतील, त्यात किमान एक महिला आणि किमान एक भाडेकरू असेल, हे ठरवून ती नावे वॉर्ड कार्यालयाकडे लेखी पाठवावीत.

आपला,
एक पंच सदस्य,
शहापूर, बेळगाव